वाडा विकताना : सोलापूरच्या एका जुन्या घराची आणि शहराच्या वारशाची हकीकत

सोलापूरच्या जुन्या पेठांतून सहज फेरफटका मारला, तरी अलीकडे एक पाटी वारंवार दृष्टीस पडते : ‘घर विकणे आहे’. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, कसबा, चाटी गल्ली या भागांत एकेकाळी आपल्या समाजातील व्यापारी कुटुंबांची वस्ती दाट होती. घराच्या पुढील भागात पेढी, मागे संसार आणि वर पाहुण्यांसाठी माडी, अशी ती जुनी मांडणी. आज त्या कुटुंबांची मुले पुणे, मुंबई, बंगळूर येथे स्थिरावली आहेत. घराला कुलूप आहे. दिवाळीला एकदा ते उघडते, झाडलोट होते आणि पुन्हा बंद होते. असे घर विकावयास निघाले, तर त्यात नवल नाही आणि दोषही नाही. व्यापारी कुटुंबाने पडून राहिलेल्या मालमत्तेचा विचार केलाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की विकताना आपण नेमके काय विकतो आणि ते कसे विकतो.

अशाच एका घराची ही हकीकत आहे. कुटुंबाच्या इच्छेनुसार नाव देत नाही. तीन भाऊ, एक बहीण आणि पंचाऐंशी वर्षांच्या मातोश्री. घर चार पिढ्यांचे. वीस वर्षांपूर्वी थोरल्या भावाने त्याचे मोठ्या हौसेने नूतनीकरण केले. म्हणून जाहिरातीचा मजकूर असा लिहिला गेला : ‘संपूर्ण नूतनीकरण केलेले, संगमरवरी फरशी, आधुनिक स्वयंपाकघर, बाजारपेठेलगत, त्वरित ताबा.’ यांतील एकही शब्द खोटा नव्हता. तरीही मातोश्रींनी तो मजकूर ऐकला आणि विचारले, “यात आपले घर कुठे आहे?”

शहर आणि त्याची घरे

सोलापूर हे एकाच समाजाने वसविलेले गाव नव्हे. जुन्या लेखांत ‘सोन्नलगी’ या नावाने ते आढळते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांचे हे क्षेत्र असून तलावातील त्यांचे मंदिर आणि संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आजही शहराचे हृदय आहे. बहामनी काळातील भुईकोट किल्ला त्या तलावाच्या काठीच उभा आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा येथील बाजारात एकाच दुकानात ऐकू येतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हातमागांनी आणि पुढे यंत्रमागांनी सोलापुरी चादरीला जे नाव मिळवून दिले, त्याला आता भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे.

आपल्या समाजाची कुटुंबे या शहरात आली ती व्यापारामुळे. हुमड समाजातील अनेक घराणी गुजरातेतून दख्खनेत उतरली आणि फलटण, बारामती, सोलापूर अशा पेठांच्या गावी स्थिरावली. सन १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि कापूस, धान्य, तेलबिया व कापड यांच्या व्यापाराला नवे बळ आले. १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिलाच पुढे लोक ‘जुनी मिल’ म्हणू लागले. गिरणीच्या भोंग्यावर शहराचे घड्याळ चालू लागले आणि पेठांतील घरांच्या पुढील सोप्यात गाद्या-तक्क्यांच्या पेढ्या उघडल्या.

या पेढ्यांतून केवळ पैसा निर्माण झाला नाही. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात येथूनच ‘जैन बोधक’ सुरू केले. १८८२ साली याच शहरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी पुढे जहाजे, विमाने आणि साखर कारखाने यांच्या उद्योगात देशाला पाऊल टाकावयास लावले. १९१९ साली निघालेले ‘लॉयल्टी’ जहाज सर्वांच्या परिचयाचे आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती शास्त्रप्रकाशनासाठी अर्पण केली. त्यातून उभ्या राहिलेल्या जीवराज जैन ग्रंथमालेने डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९४३ पासून ‘तिलोयपण्णत्ती’सारखे दुर्मीळ ग्रंथ प्रकाशात आणले. पंडिता सुमतिबाई शहा यांनी स्त्रीशिक्षणाचे काम येथेच वाढविले. मुक्या प्राण्यांच्या आश्रयाची आठवण सांगणारा पांजरापोळ चौक आजही शहराच्या मध्यभागी आहे.

स्वातंत्र्याच्या लढ्यातही हे शहर मागे नव्हते. १९३० साली येथील नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला. त्याच वर्षी मे महिन्यात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी देण्यात आली. चार नावे, चार समाज. परंतु हुतात्मे एकाच शहराचे. जुन्या पेठेतील घर म्हणजे या सर्व घडामोडींच्या शेजारी उभे राहिलेले घर होय.

माळवदाखालचा संसार

त्या घराकडे पुन्हा वळू. मोठ्या दरवाजातून आत गेल्यावर उजव्या हाताला ढाळज. आल्यागेल्याने तेथे टेकावे, व्यवहाराचे बोलणे तेथेच व्हावे. घरातील स्त्रियांना त्याचा उपद्रव नाही. पुढे चौक, चौकाच्या चारही अंगांना सोपे, मागे माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर. परड्यात आड. भिंती काळ्या दगडाच्या आणि दोन हात रुंद. वर सागवानी तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर फळ्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचे माळवद. सोलापूरच्या वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असता माजघरात पंख्यावाचून दुपार निभावत असे, ती या भिंतींमुळे आणि माळवदामुळे.

घरातील प्रत्येक सोयीमागे एक आचार होता. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपावयाचे, म्हणून स्वयंपाकघराला पश्चिमेचा झरोका ठेवलेला. पाणी गाळून घेतल्यावर गाळण्यातील जीव पुन्हा त्याच आडात अलगद सोडावयाचे, म्हणून आडाजवळ वेगळी कडीची बादली. धान्य साठविण्याचे बळद कोरडे आणि अंधारे, म्हणजे कीड लागणार नाही आणि जीवहिंसाही टळेल. मुनिसंघ गावात आला की दारी पडगाहन होई आणि चौकातून थेट स्वयंपाकघरापर्यंत शुद्ध वाट राही. वास्तुशिल्पाच्या पुस्तकात हे सापडणार नाही. परंतु शहराचा वारसा म्हणतात तो यालाच.

नूतनीकरणाने काय दिले आणि काय झाकले

थोरल्या भावाने केलेल्या कामाची निंदा करण्याचे कारण नाही. त्या वेळी घरात तीन पिढ्या नांदत होत्या. नवे स्नानगृह, नवी वीजजोडणी, पायऱ्यांना कठडा यांमुळे मातोश्रींचे म्हातारपण सुखाचे झाले. घर राहते राहिले, म्हणून ते टिकले. ज्या शेजारघरांना कोणी हात लावला नाही, त्यांतील दोन आज केवळ भिंतींपुरती उरली आहेत.

परंतु नूतनीकरणात काही गोष्टी झाकल्याही जातात. येथे चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा गिलावा चढविला गेला. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंट ती आतच अडवून धरते. परिणामी पावसाळ्यानंतर माजघराच्या भिंतीला खाली पोपडे येऊ लागले. तुळया जुनाट दिसतात म्हणून खाली खोटे छत लावले गेले. त्यावर काय चालले आहे, हे दिसेनासे झाले. माळवदावर पाणी मुरू नये म्हणून फरशी बसविली, तेव्हा जुन्या मातीचा थर न काढताच ती बसविली गेली. म्हणजे तुळयांवर पहिल्यापेक्षा अधिक भार आला.

हा शेवटचा मुद्दा सोलापूरकरांनी हलका मानू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचा प्रचंड भार हेच अनेक ठिकाणी मृत्यूचे कारण ठरले. त्यानंतर तज्ज्ञांनी अशा घरांसाठी जे उपाय सुचविले, ते फार खर्चाचे नाहीत : माळवदावरील मातीचा थर कमी करणे, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड बसविणे, खांब व तुळई यांच्या सांध्यांना तिरपे आधार देणे आणि भिंतींना माथ्याशी पट्ट्याने बांधून घेणे. ज्या घरात पुढे दुसऱ्याची मुले निजणार आहेत, त्या घराबाबत ही तपासणी विक्रीपूर्वीच व्हावयास हवी.

या कुटुंबाने ती करून घेतली. जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या अभियंत्याने खोटे छत तीन ठिकाणी उघडले. दोन तुळया धडधाकट निघाल्या; तिसरीला भिंतीत शिरते तेथे वाळवी लागलेली होती. धाकट्या भावाचे म्हणणे पडले, की आता छत पुन्हा बंद करावे. घेणारा पाहील तेव्हा पाहील. मधल्या भावाने उत्तर दिले, “दुकानात फाटका तागा आपण गिऱ्हाइकाला उलगडून दाखवतो. मग घराचीच तुळई का झाकायची?”

या उत्तरात आपल्या अणुव्रतांचे मर्म आहे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत शास्त्रकारांनी खोटा लेख करणे आणि दुसऱ्याची ठेव दडपणे यांचा समावेश केला आहे. परिग्रहाच्या परिमाणात तर क्षेत्र आणि वास्तू यांचाच उल्लेख प्रथम येतो. घराचा व्यवहार हा आपल्याकडे पूर्वीपासूनच व्रताच्या कक्षेतील विषय आहे.

वाटेकरी कोण?

भावांची बैठक झाली तेव्हा बहिणीला बोलावणे गेले नव्हते. तिचे लग्न होऊन चाळीस वर्षे झाली, तिला काय विचारावयाचे, असा घरातला समज. हा समज आपल्या अनेक कुटुंबांत अजून आहे आणि तो कायद्यालाही धरून नाही, न्यायालाही नाही.

हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झालेली असेल, तर गोष्ट निराळी. बहिणीला आपला हिस्सा सोडावयाचा असेल, तर तिने तो स्वखुशीने, समजून-उमजून आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. भाऊबीजेच्या ताटात सही मागू नये. या घरात मातोश्रींनीच तो विषय काढला. बहीण आली, कागद वाचले आणि म्हणाली, “हिस्सा मी घेणार आहे. पण तो मिळण्याआधी मला आडाजवळची जागा एकदा पुन्हा पाहायची आहे.” कोणालाही वाईट वाटले नाही. वाटले असते, तर ते हक्क नाकारला असता तेव्हा.

कागद, कर आणि रोकड

जुन्या घरांचे व्यवहार अडतात ते बहुधा कागदांवर. म्हणून पाटी लावण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात.

मिळकत पत्रिकेवर आजोबांचेच नाव असेल, तर प्रथम वारसनोंद करून घ्यावी. महापालिकेची घरपट्टी, जुने खरेदीखत, मंजूर नकाशा असल्यास तो, आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल तयार ठेवावा. खालच्या गाळ्यात भाडेकरू असेल, तर घर विकल्याने त्याची कूळवहिवाट संपत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे संरक्षण त्याला राहते. ही गोष्ट घेणाऱ्यापासून लपवू नये.

घर संरक्षित स्मारकाच्या जवळ असेल, तर अधिक सावध राहावे. सोलापूरचा भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. दुरुस्तीलाही परवानगी लागते. तेव्हा ‘पाडून नवी इमारत बांधता येईल’ असे आश्वासन देण्यापूर्वी अंतर मोजून घ्यावे.

कराच्या बाबतीत नूतनीकरणाची बिले सोन्यासारखी जपावीत. वडिलोपार्जित घर २००१ पूर्वीचे असेल, तर १ एप्रिल २००१ रोजीची रास्त किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. त्यानंतर केलेला सुधारणेचा खर्च पुराव्यासह दाखविता येतो. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे. मात्र त्या तारखेपूर्वी मिळालेल्या घर-जमिनीबाबत निवासी व्यक्ती व एकत्र कुटुंब यांना महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन वीस टक्क्यांच्या हिशेबाशी तुलना करण्याची मुभा आहे. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे राहते घर घेतल्यास किंवा तीन वर्षांत बांधल्यास सूट मिळू शकते. किंमत पन्नास लाख किंवा अधिक असेल, तर घेणाऱ्याने एक टक्का कर कापून भरावयाचा असतो. आपल्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावाच.

आणि रोकड. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याची मनाई आहे. ‘थोडे वरचे, थोडे खालचे’ हा प्रकार बाजारात रूढ असला, तरी तो खोट्या लेखाचाच प्रकार आहे. त्याचा दंड आणि मनाची रुखरुख दोन्ही विकणाऱ्याच्याच पदरी पडतात.

देवघर शेवटी रिकामे करावे

या घराच्या माडीवर छोटे गृहचैत्यालय होते. घर विकताना सर्वांत अवघड प्रश्न हाच असतो. प्रतिष्ठित प्रतिमा सामानाच्या पेटीत भरून दुसऱ्या शहरातील सदनिकेत नेणे, आणि तेथे नित्य पूजा होणार नसेल तर, उचित नव्हे. या कुटुंबाने पंडितजींचा व गावातील मंदिराच्या विश्वस्तांचा सल्ला घेतला आणि विधिपूर्वक प्रतिमा पेठेतील मंदिरात विराजमान केली. जुन्या हस्तलिखित पोथ्या माळ्यावर फडक्यात बांधलेल्या होत्या. त्या रद्दीत न घालता ग्रंथसंग्रहाकडे सोपविण्याचे ठरले. पेढीच्या जुन्या वह्यांचेही तसेच. सोलापूरच्या कापड व्यापाराचा इतिहास उद्या कोणी लिहावयास बसला, तर त्याला त्या वह्यांहून खरा साक्षीदार मिळणार नाही.

जे हलविता येत नाही, त्याची नोंद करावी. प्रत्येक दालनाची छायाचित्रे, चौकाचे मोजमाप, दरवाजावरील कोरीव काम, भिंतीतील कोनाडे यांची एक वही करून एक प्रत कुटुंबात आणि एक घेणाऱ्याला द्यावी. मातोश्रींकडून घराच्या आठवणी नातीने ध्वनिमुद्रित करून घेतल्या. त्या तीन तासांत कोणत्या सोप्यात कोणाचे बारसे झाले येथपासून गिरणीच्या संपात शेजाऱ्यांना धान्य कसे मोजून दिले येथपर्यंत सारे आले.

कोणाला विकावे?

दोन मागण्या आल्या. एक इमारत बांधणाऱ्या व्यावसायिकाची. त्याला तुळईच्या वाळवीचे काही देणेघेणे नव्हते, कारण त्याला घर पाडावयाचेच होते. किंमत चांगली होती. दुसरी मागणी खालच्या गाळ्यातील कापड दुकानदाराची. चाळीस वर्षांचा भाडेकरू, आता मुलगा हाताशी आलेला. त्याला घर राखावयाचे होते, पण सारी रक्कम एकदम देण्याची ऐपत नव्हती, आणि तुळईच्या दुरुस्तीचा खर्च त्याने किमतीतून वजा मागितला.

धाकट्या भावाला पैशाची खरोखर निकड होती. व्यापारात त्याला मोठी खोट आली होती. त्याला ‘वारशासाठी कमी घे’ असे सांगणे हा अन्यायच झाला असता. दुसऱ्याच्या अडचणीवर आपली भावुकता जपणे यात पुण्य नाही. शेवटी व्यापाऱ्यांच्या घराला शोभेल असा मार्ग निघाला. दुकानदाराशी नोंदणीकृत साठेखत करून वर्षभरात तीन हप्ते ठरले. पहिला हप्ता संपूर्ण धाकट्या भावाला मिळाला; इतरांनी आपला वाटा शेवटच्या हप्त्यापर्यंत थांबविला. दोन किमतींतील फरक थोरल्या दोघा भावांनी आपल्या हिश्शात सोसला. बहिणीच्या आणि धाकट्याच्या हिश्शाला धक्का लागू दिला नाही.

प्रत्येक घराला असा घेणारा भेटेलच असे नाही. काही घरे इतकी जीर्ण असतात, की ती उतरविणेच श्रेयस्कर. तेव्हाही दरवाजा, खांब, कोरीव तुळया यांना योग्य ठिकाण शोधता येते, आणि नव्या इमारतीला जुन्या घराण्याचे वा गल्लीचे नाव देता येते. शहराने आपल्यापुढे उदाहरणेही ठेवली आहेत. अप्पासाहेब वारदांचे इंद्रभुवन आज महापालिकेचे कार्यालय आहे आणि चीनमध्ये रुग्णसेवा करता करता देह ठेवणाऱ्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे सोलापुरातील घर त्यांचे स्मारक झाले आहे. मालकी बदलली, उपयोग बदलला, तरी वास्तू लोकांच्या उपयोगी पडत राहिली.

आपल्यापैकी ज्यांच्या नावावर अशा जुन्या पेठेत कुलूपबंद घर आहे, त्यांनी येत्या सुट्टीत दोन दिवस काढून तेथे जावे. मिळकत पत्रिका काढावी, तुळया पाहाव्यात, बहिणींशी बोलावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या आठवणी विचाराव्यात. मग राखावयाचे की विकावयाचे, हा निर्णय शांत चित्ताने घेता येईल. त्या कुटुंबाच्या जाहिरातीचा मजकूर शेवटी मातोश्रींच्या सांगण्यावरून बदलला गेला होता : ‘चार पिढ्यांचे माळवदी घर. आडाला पाणी आहे. एक तुळई दुरुस्त करावी लागेल.’

दुकानदाराने तीच ओळ वाचून पहिल्यांदा दार ठोठावले होते.